सामानाशी कोणी बसायचं?

आमच्या समोरच्या घरातल्या काकांना पॅरिस जितकं ठाऊक होतं, तितकं खुद्द पॅरिसच्या माणसांनाही ठाऊक नसेल. हे मत काकांचंच, पण अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या सगळ्या मराठी घरांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं, कारण न करून सांगता कोणाला? ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही मंडळी दोन-तीन वर्षांतून एकदा भारतात जायचो आणि वाटेत विमान बदलायला युरोपात उतरायचो. कोणी पहिल्यांदाच पॅरिसला सकाळी उतरून रात्री पुढे जाणार आहे अशी नुसती कुणकुण लागली, की काका त्याला सहकुटुंब आपल्या बेसमेंटमध्ये बोलावून घ्यायचे. ते एका मोटार कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर होते, पण शहर दाखवताना थांबणं हा प्रकार त्यांना मंजूर नव्हता.

बेसमेंटच्या गालिच्यावर ते काकूंची निळी साडी वळणं देऊन पसरायचे. ती नदी. हिंगाचा डबा म्हणजे चर्च, लोणच्याची बरणी म्हणजे संग्रहालय आणि उंच थर्मास म्हणजे तो जगप्रसिद्ध मनोरा. होतकरू प्रवाशांनी चपला काढून हे सगळं प्रत्यक्ष चालून दाखवायचं. माझ्या एका मित्राचा पाय नदीत पडला, तर त्याला पुन्हा विमानतळापासून सुरुवात करावी लागली. मनोरा आधी नदीच्या पलीकडून बघायचा, म्हणजे तो फोटोत मावतो. संग्रहालयात सगळं बघत बसायचं नाही. त्या हसणाऱ्या बाईचं दर्शन घ्यायचं आणि निघायचं. दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, नाहीतर ते लोक ओळखच देत नाहीत. कॉफी उभ्यानेच प्यायची, कारण खुर्चीत बसलं की तीच कॉफी महाग होते. जेवायला दशम्या आणि कोरडी चटणी, तीही बागेत, घास मोजून. इथेच जन्मलेली त्यांची मुलगी एकदा जिन्यातून म्हणाली, “डॅड, दे आर ऑन व्हेकेशन.” काका म्हणाले, “व्हेकेशन इंडियात पोचल्यावर. पॅरिस हे काम आहे.”

या सगळ्यावर काकांचा एक नियम होता: हातातलं सामान परक्याच्या ताब्यात द्यायचं नाही. मोठ्या बॅगा परस्पर पुढच्या विमानात जात, पण हातातल्या पिशव्यांत अख्ख्या गावाची पुडकी असत. भारतात निघालेल्या माणसाला “एवढं फक्त पोचवा” म्हणून काहीतरी आणून द्यायची आमच्याकडे रीतच होती. कोणाच्या आईसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या, कोणाच्या भाच्यासाठी कॅल्क्युलेटर, कोणाच्या वहिनीसाठी सेंट. लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू लॉकरमध्ये टाकून भटकणं काकांना पाप वाटे. म्हणून एकाने हिंडायचं आणि एकाने सामानाशी बसायचं.

आमची पाळी आली तेव्हा माझी बायको थर्मासपाशी पोचून थबकली आणि तिने विचारलं, की सामानाशी बसणाऱ्याने पॅरिस कधी बघायचं? काकांनी सांगितलं, की हिंडून आलेला माणूस त्याला सगळं नीट सांगतो. चहा घेऊन आलेल्या काकू आपलं साधेपणाने म्हणाल्या, “यांनी मला दर वेळी फार छान सांगितलं हो. माझं बाकडं नदीकडे पाठ करून असायचं, एवढंच.”

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच काकांना लागलं. इतक्या वेळा पॅरिसला जाऊन काकूंनी पॅरिस पाहिलंच नव्हतं, आणि हे काकांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी नदीची घडी घातली आणि आम्हाला चहा पिऊन जायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं भारतात जायचं ठरलं, तेव्हा काकांनी जाहीर केलं, की या खेपेला ते कोणाचं काहीही नेणार नाहीत. गावात नुसता हलकल्लोळ झाला. काही घरांनी बोलणं टाकलं. काकूंचे गुडघे एव्हाना कुरकुरायला लागले होते आणि डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढू लागले होते, म्हणून त्याआधी त्यांना पॅरिस दाखवायची काकांना घाई होती. काकू बिचाऱ्या संकोचाने म्हणत राहिल्या, की दोन पुडकी घेऊ या, लोक काय म्हणतील? काका हटले नाहीत. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो, तर तिथे एक ओळखीच्या मावशी “अगदी हलकं आहे” म्हणत डबा घेऊन उभ्या. काकांना कोणाला तोंडावर नाही म्हणताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. “माफ करा, वहिनी. या वेळी हात मोकळे हवेत. हिचा हात धरायचाय.” काकू लाजून स्वतःच्या नव्या स्नीकर्सकडे बघत राहिल्या.

परत आल्यावर मी उत्सुकतेने भेटायला गेलो. काय काय पाहिलं, असं काकांना विचारलं. मग कळलं, की काकूंना पहिल्या पुलापुढे चालवलंच नाही. संग्रहालय राहिलं, चर्च राहिलं, मनोरा लांबूनच दिसला. पुलाच्या कठड्याला टेकून त्या संध्याकाळपर्यंत खालून जाणाऱ्या होड्यांतल्या लोकांना हात करत होत्या.

“मागच्या वेळी हिचे गुडघे धड होते रे,” काका हळूच म्हणाले. “तेव्हा मी हिंडत होतो.”

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि सोफ्यावर बसत मला सांगू लागल्या, की एका नावेतली लाल टोपीवाली बाई तर अगदी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. काकांनी आपली खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

“असं मधूनच नको,” ते म्हणाले, “पहिल्यापासून सांग.”

आणि काकू सांगत होत्या तोवर, पुलावर संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारीच उभा राहिलेला हा माणूस, काहीच न पाहिल्यासारखा ऐकत बसला.