बीएस्सीच्या अंगात काळा कोट

सायन्स सोडून कायद्याला गेलेला पोरगा घरात असला की किस्से शोधावे लागत नाहीत. पाहुणे चहासोबत आणून देतात!

अमळनेरला केमिस्ट्रीत बीएस्सी झालो आणि एलएलबीला जातो म्हणालो. वडील, म्हणजे नाना, भडकले. "तीन वरीस अ‍ॅसिड हुंगं, आते खोटं बोलाले शिकशी?"

मग त्यांना शेजारच्या शेतातले आबा आठवले. आबा दर नांगरणीला आमचा बांध थोडा कोरतात. नाना म्हणाले, "बरं, जाय. पन वरीसभरमा तो बांध सरळ करी दखाड. नई ते तू जिनिंगमा कापूस उचलाले!"

*

धुळ्याची आत्या, अक्का, भेटायला आली. "नापास झाला का रे?"

मी फर्स्ट क्लासची मार्कशीट दाखवली. अक्कानं ती उलटसुलट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"पास व्हईसन बी?"

*

जळगावच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "कायद्याला का आलात?"

सगळ्यांनी 'न्यायासाठी' म्हणून सांगितलं. मीही! माझ्या शेजारी वरणगावचा सलीम, फिजिक्सवाला. तो उठला. "सर, बीएडची अ‍ॅडमिशन हुकली."

"बसा," सर म्हणाले. "वर्गात एक तरी साक्षीदार खरा निघाला."

*

पहिल्या परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर मी दोन ओळींत लिहिलं, खाली रेघ मारली. सायन्सची सवय! मार्क मिळाले दोन.

"सर, उत्तर चुकलंय का?"

"बरोबर आहे. पण दोन ओळींत निकाल लागला तर वकिलानं खायचं काय?"

*

वर्ष संपत आलं. बांध होता तिथेच, म्हणजे आणखी आमच्याकडे सरकलेला. कॉलेजातल्या सरावाच्या खोट्या खटल्यासाठी मी सलीमचा काळा कोट आणला होता. नानांनी तो पाहिला.

"घाल. चाल वावरमा."

एप्रिलचं ऊन! अंगातून पाणी वाहतंय, आणि मी कोट घालून बांधावर उभा. आबांनी लांबूनच ट्रॅक्टर थांबवला. मला नागडं खेळताना पाहिलेला हा माणूस हात जोडून आला.

"वकीलसाहेब, कोर्टकचेरी कशाले? बांध मीच मांगे लेस."

मला भरून आलं. अभ्यास ताजा होता. मी म्हणालो, "आबा, खरं तर कायद्यानं पाहिलं, तर तुमचा ताबा जुना, म्हणजे तो तुकडा तुमचाच..."

नानांनी माझ्या पायावर पाय दिला आणि दातओठ खात कानाशी कुजबुजले,

"चूप! बोलना ते त्यास्ले समजी जाई, तू बीएस्सी शे!"