देवाच्या वांग्याला सुरी नको

दिल्लीत पहाडगंजच्या आमच्या स्वयंपाकघरातून शेजारच्या हॉटेलची गच्ची दिसते. तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असतात. माझे बाबा, विश्वनाथ, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या चादरी बघत बसतात. आई गेल्यावर तर जास्तच. हाक मारली की कुठून तरी लांबून आल्यासारखे ‘ओ’ देतात.

त्यातच एका तापानंतर त्यांना वास येणं बंद झालं. मग एकदा गॅस चालू राहिला, आणि जिन्यातून जाणाऱ्या शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मी गुडगावहून तडक येऊन थडकले.

"बाबा, आता बिल्कुल ऐकणार नाही. घर बंद करा, माझ्याकडे चला."

"गॅस काढून टाक, हेमांगी. घर नको."

शेवटी ठरलं की ओट्यातच विजेची ग्रिल बसवायची आणि चंपाषष्ठीपर्यंत बघायचं. तोवर काही गडबड झाली, तर मी त्यांची बॅग भरून त्यांना घेऊन जाणार.

मुनिरक्याच्या हरिदास मिस्त्रीने ओट्याचा ग्रॅनाइट कापला, ग्रिलसाठी वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग तपासलं आणि मेन स्विच ग्रिलपासून लांब, दाराशी बसवला. "अंकल, पहली बार खाली चलाना, खिड़की खोल के," तो म्हणाला. ग्रिल रिकामीच लावली, तर नव्या कॉइलवरचं काहीबाही जळून धूर झाला. मी खोकून बेजार. बाबा मात्र लाल होत जाणाऱ्या कॉइलकडे हरवून बघत होते.

"क्वार्टरच्या अंगणात तुझी आई थंडीत शेगडी पेटवायची ना," ते म्हणाले, "तेव्हा तिचं तोंडसुद्धा असं लाल दिसायचं."

चंपाषष्ठीला मी रिकामी बॅग घेऊनच गेले. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच ते तोंडात घालायचं. त्यात आईचा नियम होता की देवाच्या वांग्याला भाजण्याआधी सुरी लावायची नाही. बाबांनी ग्रिलखालच्या ट्रेमध्ये पाणी भरलं, जवळची फडकी आणि प्लास्टिकचे डबे हलवले आणि अख्खं वांगं वर ठेवलं.

"ग्रिलच्या पुस्तिकेत लिहिलंय, आधी टोचून घ्या!" मी म्हणाले.

"सुरी नाही लावायची."

"अहो, पण फुटेल ते!"

"नाही म्हणजे नाही."

मी चिडून बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. हट्टीपणाची हद्द झाली होती. थोड्या वेळाने जळका वास आला. मी तांब्याभर पाणी घेऊन धावले.

बाबा दारातच हात आडवा धरून उभे होते. "पाणी नको! कॉइल तापलीय, वीज आहे ती. मेन बंद केलाय मी. आपोआप गार होईल."

वांगं फुटून गर कॉइलवर सांडला होता. धूर खिडकीतून चादरींकडे निघाला होता.

"तुम्हाला कळलं कसं?"

"वांग्याचं साल आधी चुरचुरतं, मग गप्प होतं. गप्प झालं तेव्हाच उठलो. स्विचपर्यंत पोचतोय तोवर फुटलंच." ते ओशाळं हसले. "कान आहेत मला अजून."

मला वास आला तोवर त्यांनी सगळं आवरलं होतं, आणि मी तापल्या कॉइलवर पाणी ओतायला निघाले होते. तांब्या खाली ठेवताना माझी मलाच लाज वाटली.

ग्रिल गार झाल्यावर त्यांनी ती पुसून घेतली. मग आईच्या पेटीतून क्रोशाची सुई आणली, धुतली आणि दुसऱ्या वांग्याला चारी बाजूंनी टोचली.

"ही काही सुरी नाही," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

या वेळी वांगं शहाण्यासारखं भाजलं. बाबांनी त्यात पातीचा कांदा घातला, देवाला नैवेद्य दाखवला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"वास कसा आलाय गं?"

मी सांगत गेले: शेगडीचा धूर, आईची शाल, तिच्या बोटांना लागलेली राख. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी खोल श्वास घेतला.

"हां," ते म्हणाले, "तसाच."

संध्याकाळी मी बॅग रिकामीच परत नेली. घरी येऊन उघडली, तर आत भरिताचा वास होता.