हिंदुरावमामांची खिडकी

जनावरांच्या दवाखान्यात किस्से साठतात ते जनावरांमुळे नाही, मालकांमुळे! आमच्या केसपेपरवर जनावराचं वय, रंग, लक्षणं या सगळ्याला रकाने आहेत. मालक काय बोलला याला मात्र रकाना नाही. मग ते सगळं डोक्यात साठत राहतं आणि चार माणसं चहाला जमली की भडाभडा बाहेर येतं. घरचे म्हणतात, "झालं हिचं सुरू." होऊ दे.

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं पशुवैद्यकीय डॉक्टर होते. स्टाफ म्हणजे मी आणि आमचे परिचर हिंदुरावमामा. मामा फौजेतून रिटायर होऊन आलेले, मिशी पांढरी, चाल अजून परेडची. कामाला वाघ. एकच खोड होती. कुठल्याही खोलीत शिरले की नमस्काराच्या आधी खिडकी उघडायची! थंडी असो, पाऊस असो, समोर कोणी का बसलेलं असेना.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्या केबिनच्या तिन्ही खिडक्या उघडल्या. मी तिन्ही लावल्या. मी फोनवर बोलत होते तेवढ्यात त्यांनी पुन्हा उघडल्या. आठवड्याभरात मी हरले आणि स्वेटर आणला.

एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले. मामांनी सॅल्यूट ठोकला आणि साहेबांच्या पाठीमागची खिडकी सताड उघडली. भर्रकन वारा आला आणि साहेबांचा अर्धा लिहिलेला शेरा उडून थेट बाहेर बांधलेल्या म्हशीसमोर! म्हशीने तो हुंगला आणि खाल्ला.

साहेब लालबुंद. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, कागद हाय. परत लिवता येतोय."

काय परत लिहिता येत नाही, हे मला पुढे कळलं.

*

एसटीत तर विचारू नका. जानेवारीतली पहाटेची गाडी, सगळे कानटोप्या घालून बसलेले आणि आमच्या मामांनी काच सरकवलेली. मागून पुढून आरडाओरडा. शेवटी कंडक्टर आला. "मामा, गाडी साताऱ्याला चाललीया, हिमालयात न्हाई!"

मामा म्हणाले, "म्हणून तर अर्धीच उघडली."

गावभर खिडक्या उघडणाऱ्या या माणसाची एकाच घरात डाळ शिजत नव्हती. ते घर त्यांचं स्वतःचं! दवाखान्याच्या मागे, चिंचेच्या झाडापलीकडे. तिथे शालनमामींचं राज्य. मामी म्हणायच्या, "गावाच्या खिडक्या उघडा, मुलखाची दारं उघडा, पर माझ्या घरात वारं आणायचं न्हाई." आणि मामा घरात खरंच गप्प असायचे.

*

आता गुरुजींच्या लव्हबर्ड्सचा किस्सा. शेजारच्या गावचे एक गुरुजी एका सकाळी स्कूटरला पिंजरा अडकवून आले. "मॅडम, दोघं दांडीवरून खाली पडलेत. मान टाकलीय." बघते तर दोघंही टुकटुकीत, एकमेकांची डोकी खाजवतायत!

दोन दिवसांनी पुन्हा तेच. घरी मान टाकलेली, दवाखान्यात टुकटुकीत. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "गुरुजी, तुमच्या स्कूटरचं औषध लागू पडतंय. तेच चालू ठेवा."

मामा पिंजरा पुसत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुरुजी, पिंजरा कुटं टांगताय?"

"बाथरूमच्या दारावर."

"आणि पाणी कशावर तापतंय?"

"गॅस गीझरवर. नवाच बसवलाय, आत."

"तुमचं डोकं दुखतंय का वं सकाळी?"

गुरुजी चपापले. महिनाभर दुखत होतं. आंघोळ झाली की गरगरायचं, मळमळायचं. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. शाळेत पोचले की तासाभरात बरं वाटायचं. मी लगेच गुरुजींच्या बायकोला फोन लावला, गीझर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि दोघंही आजच डॉक्टरांकडे जा, म्हणून सांगितलं. बंद जागेत गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. पाखरांचा जीव लहान, त्यांना आधी कळतं.

पलीकडून बाई म्हणाल्या, "तरीच! शाळेत गेल्यावर बरं वाटणारा मास्तर मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते!"

*

माझा एक नियम होता. माणसं तपासायची नाहीत. पण लोक ऐकतात थोडेच! "मॅडम, म्हशीला सुई देताच हाय, तर माझा गुडघा बगा की." एका आजींनी तर गाईच्या जंताचं औषध मागितलं, स्वतःला. वर म्हणाल्या, "गाय माझ्यापेक्षा दांडगी हाय, मला अर्धंच द्या."

गुरुजींच्या प्रकरणानंतर मामांनी माझ्या नियमाला परस्पर पोटनियम जोडला. जनावर आणि मालक एकाच वेळी आजारी असतील, तर दोघांना सोडा आणि घर बघा! केसपेपर लिहिताना ते तीन प्रश्न विचारायला लागले. घरात आणखी कोणाचं डोकं दुखतंय? बाहेर आल्यावर बरं वाटतं का? आणि घरात काय पेटतंय?

तिसरा प्रश्न ऐकून एक बाई भडकल्या. "घरात काय पेटतंय म्हंजे? सासू-सुनेचं सगळ्यांच्यात पेटतंय! तुमाला कशाला पायजे?"

*

टायगर नावाचं एक कुत्रं होतं. त्याच्या मालकाने नवी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला पत्र्याचं शेड बांधलं होतं, शटरवालं. गाडीचं त्यांना इतकं कौतुक की रोज दुपारी शटर ओढून आत गाडीत बसायचे, इंजिन चालू, एसी चालू, गाणी चालू. टायगर आत शेजारच्या सीटवर.

ते आले तक्रार घेऊन. "मॅडम, ह्याचं भुंकणं कमी व्हायचं काय तरी द्या. लय तरास. गाडीत बसलं की धा मिनिटात काचेला नख्या मारतंय, भुंकतंय. मंडळी येऊन शटर उघडत्यात तवाच गप्प बसतंय. सुकानं एक गाणं ऐकू देत न्हाई."

"आणि तुम्हाला काही होतं का गाडीत?"

"मला काय हुतंय! जरा डोकं जड हुतंय आणि झोप येती. एसीत येतीच की."

मामांनी टायगरच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "ह्याला औषध नगं. ह्याला पगार चालू करा."

*

एक किस्सा मात्र मी हसत सांगू शकत नाही, पण तो मधे आल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

अमोल नावाच्या तरुणाने पोल्ट्री टाकली होती. कडाक्याची थंडी, पिल्लं एक दिवसाची. त्याने शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवल्या आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे घट्ट बांधले. दुसऱ्या दिवशी पिल्लं पेंगायला लागली, काही मेली. त्याला वाटलं रोग आला. आम्ही पोचलो तेव्हा तो स्वतःच पिल्लांत बसलेला, डोकं धरून.

मामा सरळ पडद्याकडे गेले. अमोल आडवा झाला. "मामा, पडदा काढू नगा! गारठ्यानं सगळी मरतील!"

मामा त्याला ढकलू शकले असते. त्यांनी ढकललं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पोरा, आमीबी गारठ्याला भ्यालो हुतो. बरफातली चौकी, आत कोळशाची बुखारी पेटलेली. वारं नगं म्हणून फट बुजवली. आमी चौघं झोपलो हुतो. उठलो तिघं."

अमोलने स्वतः गाठी सोडल्या. मी त्याला बाहेर उन्हात बसवलं, त्याच्या भावाला बोलावून दवाखान्यात पाठवलं. बहुतेक पिल्लं वाचली. परत येताना जीपमध्ये मी त्यांना काही विचारलं नाही. थंडी फार होती. माझ्या बाजूची काच मी खाली केली.

*

आता मामींचा किस्सा.

मामांची एकुलती लेक वैशाली, दिली होती तासगावला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, आणि मग एकदाचे दिवस गेले. त्या नऊ महिन्यांत मामांनी मला गाभण म्हशीची जेवढी माहिती विचारली नसेल तेवढी लेकीची विचारली. पौषात मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण मामांच्या घरी आली आणि मामींनी सूत्रं हातात घेतली.

बाळंतिणीची खोली म्हणजे किल्लाच! दार बंद, एकुलत्या खिडकीच्या फटीत गोधडी कोंबलेली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. आणि पुरुषमाणसाला आत मज्जाव. मामा दाराबाहेरून रोज म्हणायचे, "अगं, बोटभर फट ठेव." मामी आतून म्हणायच्या, "धूर कुटं हाय? निस्ते निखारं हायती. दवाखान्यात जावा तुमी."

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मामा धावत आले. हो, धावत. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीतून मांजराचं डोकं बाहेर लोंबत होतं.

"मॅडम, मांजार डुलतंय. हिनं दार उघडलं तवा बाजंखालनं भाईर आलं आणि उंबऱ्यात पडलं."

मी मांजर हातात घेतलं. अंगाला ओव्याचा वास. सवयीने विचारलं, "घरात आणखी कोणाचं..."

"लेकीचं डोकं फुटतंय म्हणं. दोनदा उलटी झाली. नात सकाळपास्नं दूध वडंना, निस्ती झोपतीया. हाक मारली तर ही म्हणती दिष्ट लागलीया, मीठ-मिरच्या उतरते. आतनं कडी घातलीया." मामा परत दाराकडे वळले. "मॅडम, माझ्या आवाजानं कडी निघणार न्हाई. तुमी बाईमाणूस. तुमाला आत घेतील."

मी चपला तिथेच टाकून पळाले. पळता पळता एकशेआठला फोन लावला. दार बडवलं. आतून मामींचा आवाज आला, "कोण हाय?"

"मी. डॉक्टर."

"जनावराच्या डॉक्टरचं हितं काय काम?"

दुसरं काही सुचलं नाही. ओरडले, "मांजराला बघायला आलेय!"

कडी निघाली! मांजर बाहेर पिशवीत होतं, ते मामींच्या ध्यानातच आलं नव्हतं. दार उघडायलाही त्या भिंतीला धरूनच आल्या होत्या. त्यांचंही डोकं दुखत होतं, त्यांना वाटत होतं जागरणाचं. मी बाळ उचललं, वैशालीला दंडाला धरलं आणि ओढतच अंगणात आणलं. वळून मामींना आणायला जाते तर घर हादरलं.

मामांनी पहार घेतली होती. बाहेरून एकच घाव घातला आणि खिडकी चौकटीसकट खाली आली!

चिंचेखाली मामींना टेकवलं. गार वारं वाहत होतं. बाळाने आधी नाक मुरडलं, मग तोंड वाकडं केलं, आणि असं काही भोकाड पसरलं की दवाखान्यात बांधलेल्या म्हशी ओरडायला लागल्या. मामा पहार टाकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मलाही आवरलं नाही. अॅम्ब्युलन्स आली, तिघींना ऑक्सिजन लागला, रक्त तपासलं. तीन दिवसांनी तिघी ठणठणीत घरी आल्या. मांजर त्याच्या आधीच बरं होऊन दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचलं होतं.

बारसं सव्वा महिन्याने केलं. मी गेले तर त्या खोलीत ओळीने बायका बसलेल्या, मधे पाळणा. खिडकीला अजून चौकट नव्हती. भलंमोठं चौकोनी भोक, त्यातून चिंच दिसत होती. बाहेरच्या बाजूने त्या भोकापाशी मामा उभे होते.

मामींची थोरली जाऊ म्हणाली, "शालन, ते भोक तरी झाक गं. पोरीला वारं लागंल."

मामी फणकारल्या. "वारं लागलं तर टोपडं घालता येतंय!"

बायका पांगल्या. मामींनी घुगऱ्यांचं ताट घेऊन मला वाढलं, आणि वाढता वाढता अचानक भोकाकडे वळल्या. "आवं, पस्तीस वर्सं झाली लग्नाला. पयल्या दिवसापास्नं बगतीया, आलं की खिडकी, आलं की खिडकी. मी आपली भांडत बसली. का उघडताय, ते एकदा तरी सांगायचं हुतं की!"

मामा नातीकडे बघत होते. म्हणाले, "तू कवा इचारलंस?"

 मामींनी हातातलं ताट माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला, आणि त्या भोकाच्या कडेला मामांसमोर जाऊन बसल्या.

"आता इचारते. सांगा."