शेवंताला तारीख हवी होती

शेवंता कुठेही बसली तरी आधी पाय रोवायला समोर काहीतरी शोधायची. एसटीत पुढच्या सीटचा दांडा, माझ्या घरी टीपॉय. मी ओरडले की हसायची, "नाव हातानं नाई चालत मॅडम, पायाच्या रेट्यानं चालते. पाय रिकामे असले का मले करमत नाई."

गोंडपिपरीकडच्या एका गावात मी शाळेत खेळ शिकवते. शेवंताचा बाप तिथल्या तलावात मासे धरायचा आणि ही त्याच्या डोंग्यात वाढलेली. नौकानयनाच्या शर्यतीला तिला पहिल्यांदा मीच नेलं. बघता बघता पोरगी राष्ट्रीय शिबिरात पोचली. परदेशातल्या स्पर्धेची निवड चाचणी अगदी तोंडावर आली होती. तेवढ्यात कोरोना आला, शिबिर बंद झालं आणि ती बॅग घेऊन घरी परतली.

सुरुवातीला रोज पहाटे डोंगा काढायची. पावसाळ्यात गावानं तलावात शिंगाडा लावला, वेल पसरले आणि नाव फिरवायला पाणीच उरलं नाही. मग बांधावर बसून हवेतच वल्हं मारायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

दिवाळीनंतर स्थळ आलं. बाप वाईट नव्हता हो. "कोरोनात लगन मोजक्या माणसांत उरकते मॅडम. मोकळीक झाली का पुरा गाव जेवाले बलवा लागते. मी कुठून करू?" शेवंता मला म्हणाली, "शिबिर कवा सुरू होते, तेवढी तारीख आणून द्या. तारीख असली का मी बापाले थांबवतो." मी दिसेल त्याला फोन केले. तारीख कोणाकडेच नव्हती. शिबिरातल्या मुलग्यांकडेही नव्हती, पण त्यांना कोणी घाईनं बोहल्यावर चढवत नव्हतं.

शिबिर पुन्हा उघडलं तेव्हा ती माजरीजवळ सासरी होती. तिचा नंबर बंद, म्हणून प्रशिक्षक सरांचा फोन मला आला. मी गाडी काढली आणि तिच्या दारात उभी राहून सरांना फोन लावला. सासरी तिचं नाव बदलून सुमन ठेवलं होतं. तिला सातवा महिना चालू होता. सर विचारत होते, "शेवंता आहे का तिथं? लगेच पाठवा तिला."

तिनं फोन कानाला लावला. "सर, ते पोरगी इथी राहत नाई," म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेली.

"मॅडम, कोण बोललं हे?" सर विचारत राहिले.