आपापल्या बादलीतले पाणी

हा लेख लिहिण्याचा माझा विचार नव्हता. आदरणीय देवरे सरांच्या अमृतमहोत्सवाच्या पत्रकात गौरव समितीने छापले, ‘सरांच्या प्रदीर्घ सेवेवर एकही डाग नाही.’ ते वाचून सरांनी मला फोन केला. म्हणाले, “मॅडम, खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. ते गौरवाच्या पुस्तकात येणार असेल तर मी समारंभाला येतो. नाहीतर त्या दिवशी नामपूरला भावाकडे जाऊन बसतो. हार तुम्हीच घाला एकमेकांना.” समितीतल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, “मॅडम, चांगल्या कामात मयताचं कशाला?” म्हणून लिहावे लागत आहे.

सरांची पहिली भेट नाशिकच्या आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात झाली. ग्रामपंचायतींचे कर्मचारी तिथे दरवर्षी उजळणी वर्गाला येत. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच रुजू झाले होते. शिकवणे म्हणजे फळा आणि खडू, अशी माझी समजूत. सर ओळीने बादल्या मांडत होते. मला म्हणाले, “सूत्रं नंतर, मॅडम. आधी एक बादली उचला.”

गावाच्या विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकांचा तो वर्ग होता. पोते उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, वास मात्र बरेच दिवस राहतो. वासावर विसंबायचे नाही, आधी तपासायचे, हा सरांचा पहिला धडा. मग प्रत्येकाने आपापली बादली करायची. पावडर कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी मापाने घालायची, अर्धा तास थांबायचे. नळीत घेतलेले पाणी तपासणीच्या थेंबाने पिवळसर झाले की बादलीतले भांडेभर स्वतः प्यायचे. त्यानंतर त्याच बादलीतले सर पीत. बागलाणचे एक गृहस्थ भांडे हातात धरून नुसतेच उभे राहिले, तेव्हा सर त्यांच्याच बोलीत म्हणाले, “घाबरस काबर? तूच करेल शे ना?” मागून कोणी तरी बोलले, “म्हनीसनच घाबरस ना, सर.” स्वतः केले म्हणूनच भीती, हे ऐकून सरही हसले, पण पाणी प्यायला लावलेच.

जो पाणी प्याला त्याचे नाव सरांच्या वहीत लिहिले जाई, आणि वहीत नाव असल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नसे. देवळ्याच्या एकाने वर्ग अर्धा सोडून साहेबांचा फोन आणला. सर म्हणाले, “साहेबांना म्हणावं, या, पाणी प्या. तुमचं प्रमाणपत्र तुमच्या नावाने देतो.”

हा नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्यामुळे मोडला.

त्या वर्षी वर्गाचे नियोजन माझ्याकडे होते. उद्घाटनाचे पाहुणे अडीच तास उशिरा आले आणि तासभर बोलले. डोंगरी तालुक्यांतल्या लोकांची परतीची एसटी चारची. त्यांच्या बादल्या राहिल्या. मी छापील प्रमाणपत्रांवर नियोजक म्हणून सही केली आणि गठ्ठा सरांपुढे ठेवला.

“यांच्या बादल्या झालेल्या नाहीत, मॅडम.”

“पुढच्या वर्षी करतील, सर. यांची गाडी चुकली तर रात्री यांना ठेवायचं कुठे?”

सरांनी माझ्याकडे पाहिले आणि सह्या केल्या.

त्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या एका पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली. विहिरीत पावडर रोज पडत होती, पण ती मेलेली, क्लोरीन उडून गेलेली होती. ती टाकणारे रामदास भोये आमच्या त्याच वर्गातून प्रमाणपत्र घेऊन गेलेले. साथीत एक मृत्यू झाला. त्या रामदास यांच्या आई होत्या.

चौकशी पाड्यावरच्या शाळेत झाली; केंद्रातर्फे सर आणि मी गेलो होतो. आई जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. रामदास यांना कामावरून काढायचे, हे जवळपास ठरलेलेच होते.

“तुला ट्रेनिंग दिलं होतं की नाही?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“व्हतं, साहेब.”

“काय शिकलास?”

रामदास यांनी खिशातून प्रमाणपत्र काढले. “जेवन दिलं. बॅग दिली. हा कागद दिला.”

कोणी तरी हसले. सर उठून पुढे गेले आणि त्यांनी तो कागद मागून घेतला. “साहेब, याला आम्ही शिकवलेलं नाही. शिकवलं असं मी लिहून दिलं, ते खोटं आहे.” खिशातले पेन काढून त्यांनी आपल्या सहीवर रेघ मारली. अधिकाऱ्यांनी विचारले, “वर्गाचं नियोजन कोणाकडे होतं?” मी दुसऱ्या बाकावर बसले होते. सर म्हणाले, “शिकवायचं काम माझं होतं. माझं नाव लिहा.”

मी उठले नाही.

रामदास यांची नोकरी राहिली. सरांची पदोन्नती थांबली ती कायमची. पुढे केंद्राच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मला मिळाली. मी खुर्चीवर बसले त्या दिवशी सर आत आले. ते काय बोलतील या भीतीने माझ्या हातातले पेन खाली ठेवले गेले. ते म्हणाले, “मॅडम, दहा बादल्या फुटल्यात. नव्या लागतील.” त्यानंतर इतकी वर्षे त्यांनी तो विषय माझ्याजवळ काढला नव्हता. पत्रक वाचून केलेला फोन हा पहिला.

चौकशीनंतरच्या रविवारी सर स्वतःची बादली घेऊन एसटीने त्या पाड्यावर गेले. विहिरीच्या काठावर त्यांनी रामदास यांना सगळे करून दाखवले आणि करून घेतले. दोघे पाणी प्यायले. रामदास मला एकदा म्हणाले, “सर पानी प्याले, तवा माझ्या जिवात जीव आला. तोवर आमच्या हातचं पानी गावात कोनी घेत नव्हतं.” आता केंद्रातला बादल्यांचा तास रामदासच घेतात.

तर सरांच्या सेवेवर डाग आहे. त्यातला माझा वाटा मी इथे लिहिला आहे. सरांचे गुडघे दुखतात, एक डोळा अधू झाला आहे. नळीतला पिवळा रंग ओळखू येईल इतकी दृष्टी त्यांना अखेरपर्यंत राहावी, हिंडते-फिरते निरोगी आयुष्य अजून पुष्कळ वर्षे लाभावे आणि आमच्या चुका त्यांनी अशाच तोंडावर सांगाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गेल्या रविवारी सरांनी आपल्या राहत्या घरी केंद्रासाठी पुढील वस्तू सुपूर्द केल्या. स्टीलचे भांडे एक, काठाला पोचा आलेले. नावांची वही एक, शेवटची काही पाने कोरी. रामदास भोये यांच्या नावाचे प्रमाणपत्र एक, त्यावर सह्या दोन. प्रशिक्षकांच्या सहीवर चौकशीच्या दिवशीची रेघ, नियोजकाच्या सहीवर गेल्या रविवारी माझ्या हाताने मारलेली. देणार, देवरे सर. घेणार, रामदास भोये. वस्तू मोजून दिल्या, मोजून घेतल्या.