चिकूच्या झाडाखाली मेडिकल

माझा धाकटा भाऊ विमान चालवतो. म्हणजे चालवायचा. गेल्या वर्षी एका सकाळी मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याच्याभोवती खोली गरगरली, उलट्या झाल्या, आणि कानाच्या आतला तोल बिघडल्याचं निदान झालं. कंपनीने त्याला वैद्यकीय रजेवर घरी बसवलं. औषधं झाली, मानेचे आणि डोळ्यांचे व्यायाम झाले. आता चक्कर येत नाही, असं तो सांगू लागला. महिनाअखेरीस पुन्हा मेडिकल होतं. त्यात पास झाला की परत कॉकपिटमध्ये. तोवर हवापालट म्हणून तो डहाणूला, मसोलीच्या माझ्या घरी येऊन राहिला.

"काही नाही ताई, एकदम ठीक आहे," आल्या आल्या त्याने सांगितलं.

हे वाक्य मी ओळखते. माझे यजमान शेवटचे काही आठवडे हेच म्हणत होते. छातीवर तळवा फिरवत म्हणायचे, ॲसिडिटी आहे. मी ते खरं मानलं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, आणि त्या वर्षात मी कोणाचंही 'काही नाही' खरं मानलेलं नाही. पाणी घातलं नाही असं दूधवाला म्हणाला, तरी मी पातेल्यात बघत राहते.

तलासरीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. गाडीने जाते. भाऊ कंटाळतो म्हणून सोबत यायचा आणि वाचनालयात पेपर चाळत बसायचा. पहिल्या दिवशी मी किल्ली त्याच्यापुढे धरली.

"नको. तुझी गाडी, तुझा क्लच," तो म्हणाला.

पुढच्या वेळी म्हणाला, हायवेला ट्रक फार असतात. त्यानंतर मी विचारलं नाही, नुसतं बघत राहिले. शेजारून ट्रक घोंघावत गेला तरी तो मान वळवत नसे. समोर कुठेतरी एका जागी नजर रोवून बसे. वळून बघण्यासारखं त्यात काही नसेलही. पण विमान चालवणारा माणूस शेजारच्या सीटवर इतका ताठ का बसतो, हे मला कळेना.

घरामागे आमची चिकूची लहानशी वाडी आहे. तोडायला दोघी-तिघी बायका येतात. लांब बांबूच्या टोकाला जाळी असते. मान मागे टाकून पानांत फळ शोधायचं, जाळीत घ्यायचं आणि हिसका द्यायचा. लहानपणी माहेरच्या वाडीत भाऊ असा बांबू दुसऱ्या कोणाच्या हाती लागू देत नसे. आता तो सरळ खालच्या ढिगापाशी जाऊन बसला आणि लहान-मोठे चिकू वेगळे करू लागला.

"बाई, तुमचा भाऊ वर बगतच नाय," तोडणारी एक बाई म्हणाली.

"इमानात बसून खालीच बगायची सवय लागली असंल," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. भाऊही हसला. जरा उशिरा हसला, असं मला वाटलं.

त्या दुपारी जेवताना मी विचारलं, "शेवटची चक्कर कधी आली?"

"मेडिकल बोर्डावर तू आहेस का?"

"असते तर नापास केलं असतं."

"बोंबील वाढ," तो म्हणाला.

पूर्वी एकदा त्यानेच हसत सांगितलं होतं की वैमानिक साधी सर्दीसुद्धा डॉक्टरला सांगत नाहीत. यंत्रात दिसेल ते दिसेल, बाकी आम्ही सांगू तेवढंच. तेव्हा मीही हसले होते. आता मला त्याच्या पाठीमागे बसलेली विमानभर माणसं दिसू लागली.

रविवारी मी बांबू त्याच्या हातात दिला आणि वरच्या फांदीवरचा एक चिकू दाखवला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला काय हवं आहे ते त्याला कळलं होतं. त्याने मान वर केली, फळ जाळीत घेतलं आणि अलगद खाली आणलं.

"झालं?"

"खांदा खोडाला टेकवला होतास. लांब उभा राहा."

तो दोन पावलं सरकला. पुन्हा वर बघितलं. बांबूचं टोक हलू लागलं. त्याने बांबू गवतावर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"आली?"

"थोडी. किंवा नुसती भीती असेल. फरकच कळत नाही मला."

"मग इथे कशाला आलास? हवापालट म्हणू नकोस."

तो झाडाखाली बसला. "कॉकपिटमध्ये एक जण तपासणीची यादी वाचतो, दुसरा एकेक गोष्ट तपासून उत्तर देतो. कॅप्टन कितीही जुना असला तरी शेजारच्याने त्याच्यावर संशय घ्यायचाच असतो. फ्लॅटमध्ये माझ्या शेजारी कोण आहे? मीच विचारतो, ठीक आहेस ना? आणि मीच सांगतो, हो."

"म्हणून मी?"

"भाऊजी गेल्यापासून तू कोणाचंच बोलणं खरं मानत नाहीस. सांग, काय काय बघितलंस."

मी सांगितलं. गाडी, ट्रक, खोड. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनची कड धरतोस तेही. बाकीच्याला त्याने मान डोलावली. बेसिनला म्हणाला, "नाही धरत."

"रोज धरतोस."

तो उठून आत गेला, मीही मागोमाग गेले. नळ सोडून डोळ्यांवर पाणी मारलं. डावा हात आपोआप बेसिनच्या कडेवर गेला. त्याने डोळे उघडून हाताकडे बघितलं, आणि नळ तसाच वाहत राहिला. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, हा मला दाखवायला तर करत नाही? दाखवून मला गप्प करायचं आणि बोर्डापुढे काहीच बोलायचं नाही, असं तर नाही?

म्हणून सोमवारी सकाळी त्याने डॉक्टरांना फोन लावला तेव्हा मी दारातच उभी राहिले. त्याने गाडी चालवणं टाळल्याचं सांगितलं, झाडाखालचं सांगितलं, बेसिन सांगितलं. मग म्हणाला, "नाही, एवढंच."

"गच्चीचा जिना," मी म्हटलं.

त्याने फोनवर हात ठेवला. "ते कधी?"

"काल संध्याकाळी. तिरका उतरलास, भिंतीला पाठ लावून."

त्याने फोनवरचा हात काढला. मग जिनाही सांगितला. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मेडिकल पुढे ढकलायचं ठरलं. नवी तारीख मिळाली नाही. आधी पुन्हा तपासण्या होतील, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवून त्याने विचारलं, "आता झालं समाधान?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. मग बाहेर जाऊन गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला.