मुलतानी माती आणि लांब दांड्या
मुलतानी मातीचा वास आला की खातीपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली पाण्याची टाकी आठवते. समुद्राखाली फोटो काढायच्या माझ्या कॅमेऱ्याला दिवे जोडायला मी आखूड, आटोपशीर दांड्या निवडल्या होत्या. हयातभर इंजिन चालवलेल्या बाबांनी टाकीत मूठभर मुलतानी माती कालवली, तळाशी वाटी ठेवली आणि म्हणाले, "काढ फोटो." दिवे कॅमेऱ्याला खेटलेले, फोटोत वाटी दिसेचना, नुसते पांढरे ठिपके. "धुक्यात इंजिनाचा दिवा असंच करतो. मतलब, आधी धुकंच उजळतं." मग त्यांनी एक दिवा लाटण्याला, दुसरा झाऱ्याला बांधून दोन्ही बाजूंना लांब धरले, आणि वाटी लख्ख उमटली. मी लांब दांड्या मागवल्या. बाबांनी समुद्र अजून पाहिलेला नाही, पण माझ्या प्रत्येक फोटोतलं पाणी त्यांनीच नितळ केलंय.